विजेचा हमीभाव : द्यायचा कुणी आणि किती वर्षे?



उसाच्या नोंदी घ्यायला, बेणेमळे पाहायला आणि माती परीक्षणाचे नमुने गोळा करायला आम्ही शेतकी विभागाची मंडळी गटागटावर फिरतो. अलीकडे बोलणं सुरू होतं खोडव्यावरून आणि येऊन थांबतं सौर विजेवर. "साहेब, माळाचं रान सौरला भाड्यानं द्यावं का?" "पंचवीस वर्षांचा करार म्हणतात, मधेच दर पाडला तर?" "सरकार पैसं देणार म्हणे, पण देणार कुठनं?" हे तीन प्रश्न आम्ही जवळजवळ प्रत्येक गटावर ऐकले.

यातला तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. म्हणून या अंकात थोडं लांबचं, म्हणजे जर्मनी आणि स्पेन या देशांतलं उदाहरण घेऊन आपल्या बांधापर्यंत यायचं ठरवलं आहे. वारा आणि ऊन यांच्यापासून वीज करणाऱ्याला ठरीव दर देण्याचे कायदे या देशांनी केले. एका ठिकाणी तो दर टिकला, दुसऱ्या ठिकाणी मोडला. का टिकला आणि का मोडला हे उसाचा दर मागणाऱ्या माणसाला समजायला अवघड नाही.

क्षेत्रावर पैसे की काट्यावर?

सरकारला एखाद्या धंद्याला उत्तेजन द्यायचं असेल तर दोन रस्ते असतात. एक, उभारणीला मदत करायची. दुसरा, माल निघाल्यावर मालाला दर द्यायचा.

आपल्या भाषेत सांगायचं तर उसाचे पैसे नोंदलेल्या क्षेत्रावर द्यायचे की काट्यावर उतरलेल्या वजनावर द्यायचे, असा हा प्रश्न आहे. क्षेत्रावर पैसे दिले तर लागण पुष्कळ होईल, पण भांगलण, खत, पाणी यांची काळजी कोण घेईल? एकरी वीस टन आले काय आणि साठ टन आले काय, पैसे तेवढेच!

ही नुसती उपमा नाही. आपल्या देशात १९९० च्या दशकात पवनचक्कीच्या खर्चावर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवून आयकर वाचवता येत असे. त्यामुळे पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पण उभारणाऱ्याचं लक्ष मिळणाऱ्या विजेपेक्षा वाचणाऱ्या करावर जास्त राहिलं. वारा नीट न मोजता उभारलेल्या आणि देखभालीविना पडलेल्या चक्क्या त्या काळात पुष्कळ झाल्या. पुढे २००९ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने घसाऱ्याची सवलत न घेणाऱ्यांना ग्रीडमध्ये घातलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे प्रोत्साहन देण्याची योजना काढली. म्हणजे क्षेत्रावरून काट्यावर यायचा तो प्रयत्न होता.

पॅनेल किंवा पंप बसवायला मिळणारं अनुदान हा पहिला रस्ता. विकलेल्या प्रत्येक युनिटला ठरीव दर हा दुसरा रस्ता. आज बोलायचं आहे ते या दुसऱ्याबद्दल.

जर्मनीचा कायदा

जर्मनी हा काही उन्हाचा देश नाही. एक किलोवॅटचं सौर पॅनेल आपल्याकडे वर्षाला सुमारे १५०० युनिट देतं, तिथे १००० च्या आसपास. तरीसुद्धा सौर विजेचा धंदा प्रथम मोठा झाला तो तिथे. त्याचं कारण कायद्यात आहे.

१९९० मध्ये जर्मन संसदेने एक छोटासा कायदा केला. १ जानेवारी १९९१ पासून तो लागू झाला. या कायद्यामागे बव्हेरिया प्रांतातल्या ओढ्यानाल्यांवर लहान जलविद्युत यंत्रं चालवणाऱ्यांचं गाऱ्हाणं होतं. त्यांची वीज मोठ्या कंपन्या घेत नसत, घेतली तर मातीमोल भावाने. खासदार माथियास एंगल्सबर्गर यांनी हा प्रश्न लावून धरला. कायद्याने वीज कंपन्यांना सांगितलं की, अशी वीज आली तर ती घ्यावीच लागेल, आणि वाऱ्याच्या व उन्हाच्या विजेला ग्राहकाकडून मिळणाऱ्या सरासरी दराच्या ९० टक्के दर द्यावा लागेल.

वाऱ्याला हा दर पुरला. समुद्रकाठच्या उत्तर फ्रिसलंड भागात शेतकरी आणि गावकरी एकत्र आले, भागभांडवल जमवलं आणि गावाच्या मालकीच्या पवनचक्क्या उभ्या केल्या. सौरला मात्र तो दर पुरेना, कारण त्या वेळी पॅनेल फार महाग होतं. तेव्हा आखेन आणि हामेलबुर्ग अशा काही गावांनी आपल्यापुरता खर्च भरून निघेल एवढा दर द्यायला सुरुवात केली. पूर्ण खर्च निघाला पाहिजे हा विचार तिथून वर गेला.

मग १ एप्रिल २००० रोजी नवा कायदा आला. हेरमान शेअर आणि हान्स-योसेफ फेल या दोन खासदारांचा त्यात मोठा वाटा होता. या कायद्याचे चार खांब सांगता येतील.

पहिला खांब, जोडणीचा हक्क. कुणीही पवनचक्की वा सौर पॅनेल बसवलं, तर जवळच्या तारेच्या मालकाने त्याला जोडून घेतलंच पाहिजे आणि त्याची वीज आधी घेतली पाहिजे. नोंदलेला ऊस कारखान्याने नेलाच पाहिजे, तसं हे.

दुसरा खांब, खर्चाला धरून दर. वाऱ्याला वेगळा, उन्हाला वेगळा. २००० साली सौर विजेला युनिटमागे ९९ फेनिग, म्हणजे पुढच्या चलनात सुमारे ५१ युरो सेंट, असा दर ठरला. वाऱ्याच्या बाबतीत तर आणखी बारकाई केली. पहिली पाच वर्षे सर्वांना चढा दर, त्यानंतर जिथे वारा जोरदार तिथे दर उतरायचा आणि जिथे वारा बेताचा तिथे चढा दर आणखी काही वर्षे चालू ठेवायचा. काळ्या रानाला आणि मुरमाड रानाला एकच माप लावायचं नाही, हे शहाणपण त्यात होतं.

तिसरा खांब, वीस वर्षांची मुदत. ज्या वर्षी यंत्र सुरू झालं त्या वर्षीचा दर पुढे वीस वर्षे. हा कागद हातात असल्यावर बँकेला दुसरं तारण फारसं शोधावं लागत नव्हतं. गोठ्याच्या छपरावर पॅनेल बसवायला शेतकऱ्याला कर्ज मिळू लागलं ते यामुळे.

चौथा खांब, उतरता दर. याचा विचार स्वतंत्र करू, कारण आपल्याला दर चढत जाण्याची सवय आहे आणि ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते.

दर उतरत का ठेवायचा?

कायद्यातच लिहून ठेवलं होतं की, २००२ पासून नव्या सौर संचाला दरवर्षी ५ टक्के कमी दर मिळेल. जुन्याला हात लावायचा नाही. म्हणजे यंदाच्या लागणीला जो दर ठरला तो तिच्या सगळ्या खोडव्यांना तसाच मिळणार, पण पुढच्या वर्षीची नवी लागण कमी दराने धरायची.

यात हेतू असा की, कारखानदारांनी पॅनेल स्वस्त करावं. खप वाढला की माल स्वस्त होतो हा बाजाराचा नियम आहे. तो खप जर्मन ग्राहकाने पैसे मोजून निर्माण केला. पुढे चीनमध्ये पॅनेलचे प्रचंड कारखाने निघाले आणि किमती इतक्या वेगाने घसरल्या की कायद्यातला ५ टक्क्यांचा उतार मागे पडला. २०१०, २०११ आणि २०१२ या तीन वर्षांत जर्मनीत दरसाल ७,००० मेगावॅटहून जास्त सौर संच बसले. दर खर्चापेक्षा फार वर राहिला की कशी झुंबड उडते, ते इथे दिसलं. सरकारला उतार तीव्र करावा लागला. २०१२ च्या वसंतात छपरावरच्या लहान संचाचा दर १९.५ सेंटवर आला. पण लक्षात घ्या, कात्री लागली ती नव्या संचांना. ज्याने २००४ मध्ये संच बसवला त्याला २००४ चाच दर शेवटपर्यंत मिळाला.

या कायद्याने काय साधलं? २००० साली जर्मनीच्या एकूण वीज वापरात अशा विजेचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो निम्म्याच्या वर गेला. आणि २०१० च्या सुमारास यातली जवळजवळ निम्मी यंत्रं सामान्य नागरिकांच्या आणि शेतकऱ्यांच्या मालकीची होती. गावोगाव शेकडो वीज सहकारी संस्था निघाल्या. ज्या राईफायझन यांच्या पतसंस्थांचा नमुना पाहून आपल्याकडे १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्यांच्याच देशातली ही गोष्ट आहे. शेजारच्या डेन्मार्कमध्येही कोपनहेगन बंदरासमोर समुद्रात २००० साली २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यातल्या १० एका सहकारी संस्थेच्या आहेत आणि तिचे सभासद साडेआठ हजारांवर होते.

पैसा आला कुठून?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. एवढा चढा दर वीस वर्षे द्यायचा तर पैसा कुणाचा?

जर्मनीने सरकारी तिजोरीला हात लावला नाही. वीज विकत घेण्याचा चढा दर आणि बाजारात तिला मिळणारा दर यातला फरक काढायचा आणि तो देशातल्या सगळ्या वीज ग्राहकांच्या बिलावर युनिटमागे अधिभार म्हणून वाटून टाकायचा, अशी रीत घातली. कायदा वीज कंपन्यांना मान्य नव्हता, प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. १९९० च्या कायद्याबद्दल त्या न्यायालयाने मार्च २००१ मध्ये निकाल दिला की, ही सरकारी खैरात ठरत नाही, कारण पैसा सरकारच्या खजिन्यातून जात नाही.

या रीतीत एक सचोटी होती. बिलात ओळ छापलेली असे. किती पैसे कशासाठी जातात हे घरातल्या बाईलाही दिसे. त्यामुळे भांडणंही झाली. अधिभार सुरुवातीला नाममात्र होता, तो २०१४ मध्ये ६.२४ सेंट आणि २०१७ मध्ये ६.८८ सेंट झाला. मोठ्या कारखान्यांना त्यातून सूट होती, त्यामुळे भार घरगुती आणि लहान ग्राहकांवर पडला. ज्याला स्वतःचं छप्पर आहे त्याने पॅनेल बसवून दर घ्यायचा आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने अधिभार भरायचा, ही टीका खोटी नव्हती. शेवटी १ जुलै २०२२ पासून हा अधिभार बंद झाला आणि खर्च सरकारी अंदाजपत्रकातून होऊ लागला. त्याआधीच, २०१७ पासून, मोठ्या प्रकल्पांसाठी ठरीव दराऐवजी निविदा आल्या होत्या.

तरीही सांगायचा मुद्दा उरतोच. बोजा वाढला, लोक कुरकुरले, नियम बदलले, पण दिलेला शब्द मोडला नाही. कारण पैसा कुठून यायचा हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

स्पेनमध्ये काय बिघडलं?

स्पेन तर उन्हाचा देश. २००७ साली तिथल्या सरकारने फर्मान काढून सौर विजेला फार चांगला दर दिला, तोही पंचवीस वर्षांसाठी. सरकारचं उद्दिष्ट २०१० पर्यंत ३७१ मेगावॅटचं होतं. प्रत्यक्षात एकट्या २००८ मध्ये २,५०० मेगावॅटहून जास्त सौर संच लागले! कारण दर चढा, त्याला उतार नाही आणि किती घ्यायचं त्याला वेळेवर आवर नाही.

याहून मोठी खोट दुसरीच होती. तिथे सरकारने ग्राहकाच्या विजेचा दर राजकारणासाठी कमी ठेवला होता. वीज करणाऱ्याला चढा दर द्यायचा आणि ग्राहकाकडून मात्र तेवढा वसूल करायचा नाही. मधली तूट वर्षानुवर्षे साचत गेली. तिच्यात सगळाच दोष सौरचा नव्हता, पण २०१३ पर्यंत ही तूट २० अब्ज युरोच्या पुढे गेली होती. मंदीने गांजलेल्या सरकारला ती पेलेना. मग २०१० च्या अखेरीस जुन्या संचांना वर्षातून ठरावीक तासांच्या विजेलाच चढा दर मिळेल असा नियम आला. २०१२ च्या जानेवारीत नव्या संचांचा दर बंद झाला. २०१३ मध्ये तर जुन्या सर्वांचाच ठरीव दर काढून घेऊन "वाजवी परतावा" मिळेल असं सांगण्यात आलं.

ज्यांनी घर, जमीन गहाण ठेवून कर्ज काढलं होतं, अशा हजारो लहान लोकांचे हप्ते अडकले. परदेशी गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले आणि अनेकांनी तिथे निकाल मिळवले. गावच्या शेतकऱ्याला मात्र तो रस्ता नव्हता. तो त्याच देशाचा नागरिक, त्याला तिथल्याच कोर्टात जायचं. मोठा सुटला, लहान अडकला.

दोन्ही देशांत हेतू एकच होता. दर जाहीर करणं सोपं, दर पेलणं अवघड. ज्याने कुणी दर पेलायचा त्याची सोय आधी केली तर हमी ही हमी राहते, नाहीतर ती थकबाकी होते. थकबाकी हा शब्द ऊसवाल्याला समजावून सांगायची गरज नाही.

आपला एफ.आर.पी. आणि हा दर

खरं तर आपण सभासद अशाच एका कायद्याखाली जगतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाला किमान दर दिला, १४ दिवसांत पैसे द्यायचं बंधन घातलं आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज लावलं. २००९ मध्ये किमान दराच्या जागी एफ.आर.पी. आली. पण दोन फरक ध्यानात ठेवावेत. एफ.आर.पी. एका हंगामाची असते, विजेचा हमीदर वीस-पंचवीस वर्षांचा. आणि एफ.आर.पी. देतो कारखाना, साखर विकून. साखरेचा भाव पडला तरी दर तोच द्यायचा. ज्या वर्षी हा मेळ बसत नाही त्या वर्षी राज्यात किती कारखान्यांची बिलं रखडतात हे आपण पाहिलेलं आहे. म्हणून कारखान्याला उत्पन्नाची दुसरी बाजू लागते, आणि बगॅसपासून केलेली वीज ही त्यातली एक.

इथेही ठरीव दराचाच प्रश्न येतो. २००३ च्या वीज कायद्याने राज्य नियामक आयोगांवर सहवीज आणि अपारंपरिक विजेला उत्तेजन द्यायची जबाबदारी टाकली. महाराष्ट्राच्या आयोगाने त्याच्याही आधी, २००२ मध्ये, बगॅसच्या विजेचा दर ठरवला होता. नोव्हेंबर २००३ मध्ये नव्या पवनचक्क्यांना पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये आणि दरसाल १५ पैसे वाढ, असा १३ वर्षांचा दर दिला. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरून जाताना दिसणाऱ्या चक्क्यांमागे असे दर आहेत. मात्र तेरा वर्षे संपली की तो दरही संपतो, हे करारातच असतं.

सौरचा दर तर आपल्या डोळ्यांदेखत कोसळला. २०१० मध्ये केंद्रीय आयोगाने सौर विजेला युनिटमागे १७ रुपये ९१ पैसे धरले होते. २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानात भडला इथे निविदेत २ रुपये ४४ पैसे दर निघाला. जर्मन ग्राहकाने वीस वर्षे मोजलेल्या पैशाचा यात वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

दर असा कोसळला की जुने करार महाग दिसू लागतात आणि ते मोडायचा मोह होतो. २०१९ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने वाऱ्याच्या आणि उन्हाच्या विजेचे जुने करार पुन्हा ठरवायचा घाट घातला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने कराराचाच दर द्यावा असा निकाल दिला. शब्द पाळला गेला, पण मधली अडीच-पावणेतीन वर्षे ज्यांनी काढली त्यांनी ती कशी काढली असतील याचा विचार करावा.

माळाच्या रानाचा हिशोब

आता पहिल्या प्रश्नाकडे. आपल्या राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही तिची पहिली गावं. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची, हा हेतू. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन उसात शिरणाऱ्याला या हेतूची किंमत सांगायला नको. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. त्यात जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल ३ टक्के वाढ, असं ठरलं.

भाड्याची जमीन देणाऱ्याला विजेचा दर मिळत नाही, भाडं मिळतं. वीजदराचा धोका आणि नफा दोन्ही प्रकल्पवाल्याचे. मुरमाड, पडीक, कुसळाच्या रानाला एकरी ५० हजार रुपये वाईट नाहीत. मजूर नको, पाणी नको, हुमणीचं भय नको. पण पंचवीस वर्षे हा मोठा काळ आहे. एक ताळा करून पाहा. साडेनऊ टक्के उताऱ्याला २००९-१० मध्ये उसाची एफ.आर.पी. क्विंटलला १२९ रुपये ८४ पैसे होती. २०२५-२६ च्या हंगामाला त्याच उताऱ्याला ती ३२९ रुपये ५ पैसे झाली. म्हणजे सोळा वर्षांत शंभराचे २५३ झाले. दरसाल ३ टक्के वाढीने शंभराचे सोळा वर्षांत सरळ पद्धतीने १४८ आणि चक्रवाढीने १६० होतात. उसाचा खर्चही वाढला हे खरं, पण पाण्याखालचं चांगलं रान या भाड्याला देणं आमच्या मते शहाणपणाचं नाही. माळाचा विचार जरूर करावा.

दुसरा मार्ग मालकीचा. केंद्राने २०१९ मध्ये कुसुम योजना मंजूर केली. तिच्या पहिल्या भागात अर्ध्या ते दोन मेगावॅटचा प्रकल्प शेतकऱ्याने, शेतकऱ्यांच्या गटाने किंवा सहकारी संस्थेने स्वतः उभारायचा आणि वीज वितरण कंपनीने पंचवीस वर्षे ठरीव दराने वीज घ्यायची, अशी तरतूद केली. हा जर्मनीच्या कायद्याच्या जवळ जाणारा प्रकार आहे.

समजण्यापुरता हिशोब मांडू. एका मेगावॅटला सुमारे पाच एकर रान लागतं. खर्च साडेतीन ते चार कोटी. वीज वर्षाला १५ ते १६ लाख युनिट. दर तीन रुपये धरला आणि १६ लाख युनिट धरले, तर वर्षाला ४८ लाख रुपये जमा. आता २ कोटी ६० लाख कर्ज १० टक्के व्याजाने पंधरा वर्षांत फेडायचं म्हटलं, तर वर्षाचा हप्ता ३४ लाखांच्या आसपास येतो. उरले १४ लाख. त्यातून विमा, राखण, धुणं-पुसणं आणि दुरुस्ती भागवायची, आणि स्वतःच्या कोट-सव्वा कोटीचा मोबदलाही त्यातूनच. पंधरा वर्षांनंतर हप्ता सुटतो, तेव्हा खरी कमाई दिसते.

याच हिशोबात दर फक्त ३० पैशांनी पडला तर जमा ४ लाख ८० हजारांनी घटते आणि १४ चे ९ लाख राहतात. बिल सहा महिने रखडलं तर १७ लाखांचा हप्ता पदरचा भरावा लागतो. दर किती आहे याइतकंच तो टिकेल का आणि पैसे वेळेवर येतील का, हे पाहायचं ते यासाठी. एकट्या शेतकऱ्याला हा भार झेपणारा नाही. दहा-पंधरा सभासदांनी किंवा सोसायटीने मिळून केला तरच तो पेलतो.

सही करण्यापूर्वी

शेतकी विभागाकडे कुणी सल्ला विचारला तर आम्ही एवढंच सांगतो :

१. पैसे कोण देणार, त्याचं नाव करारात पाहा. सरकारी योजनेचं नाव फलकावर असतं, करार मात्र एखाद्या कंपनीशी असतो. त्या कंपनीने प्रकल्प दुसऱ्याला विकला तर भाड्याची जबाबदारी कुणाची, हेही पाहा.

२. मुदत आणि वाढ आकड्यांत लिहून घ्या. वाढ सरळ की चक्रवाढ, कोणत्या वर्षापासून, हे तोंडी नको.

३. उशिराच्या पैशाला व्याज आहे का? उसाला १५ टक्के आहे. इथे काय लिहिलं आहे?

४. सातबाऱ्यावर इतर हक्कात काय नोंद होणार आणि प्रकल्पवाल्याच्या कर्जाचा बोजा आपल्या जमिनीवर चढणार नाही ना, याची वकिलाकडून खात्री करा.

५. मुदत संपल्यावर खांब, पाया, प्लेटा काढून रान मोकळं करून कोण देणार? आपल्या मुलाला काँक्रीट उकरत बसायची पाळी येऊ नये.

६. घरात सर्वांना विचारा. पंचवीस वर्षांनी त्या जमिनीवर ज्यांचा हक्क असेल, त्यांना आज करार वाचू द्या. मुली, बहिणी यांची नावं सातबाऱ्यावर असतील तर त्यांच्या सह्या लागतात, हे पुढे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

विजेचा हमीदर ही काही कुणाची मेहेरबानी नाही. तो एक व्यवहार आहे. समाजाला स्वच्छ वीज पाहिजे, ती सुरुवातीला महाग पडते, म्हणून ती करणाऱ्याला काही वर्षे आधार द्यायचा आणि धंदा पायावर उभा राहिला की तो आधार उतरत न्यायचा. जर्मनीने हे उघड हिशोबाने केलं. स्पेनने उधारीवर केलं. आपल्या दारात जो कागद येईल तो या दोन्हींपैकी कुठल्या जातीचा आहे हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

ज्या सभासदांकडे असे करार आले असतील त्यांनी त्यांची छायांकित प्रत घेऊन आपल्या गट कार्यालयात जरूर यावं. वाचून, समजून घेऊन, शेजाऱ्याला विचारून मग सही करावी. उसाची नोंद देताना आपण लागणीची तारीख, जात, क्षेत्र तीनतीनदा तपासून घेता. पंचवीस वर्षांच्या कागदाला निदान तेवढा वेळ द्यावा, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग